वरातीची घोडी

आप्पांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी माझ्या भाच्यानं, म्हणजे दिलीपच्या ओंकारनं, त्यांचा घोडीवर बसलेला फोटो सगळ्या पाव्हण्यारावळ्यांना मोबाईलवर पाठवला. खाली लिहिलं होतं, 'असा रुबाब पुन्हा होणे नाही.' त्याखाली हात जोडल्याची चित्रं, फुलं, दिवे. कुणी लिहिलं, 'काय ती बैठक!' कुणी लिहिलं, 'खरा राजा माणूस.' मी फोन पालथा घातला आणि भाजी निवडायला बसले. फोटो खोटा नाही. फेटा खरा, मिशा खऱ्या, दसऱ्याचा दिवस खरा. पण फोटोवाल्यानं बटण दाबलं आणि कॅमेरा खाली घेतला, त्यानंतर जे घडलं ते मी गर्दीत उभी राहून पाहिलं होतं, आणि त्यात रुबाब कुठंच नव्हता. मी आता निवृत्त झाले आहे, गुडघे धरतात, शुगर निघाली आहे, कालची गोष्ट आज आठवत नाही. राग मात्र जागच्या जागी आहे. ओंकारला मी काही बोलले नाही. त्यानं हे एकदा माझ्या तोंडून ऐकलेलं आहे, तरी आता लिहिते आहे ते त्याच्यासाठीच.

आमची वस्ती राहात्यापासून सायकलवर जाण्याइतक्या अंतरावर होती. पुढं ऊस, मागं पेरूची बाग, मध्ये पत्र्याचं लांबट घर आणि शेणानं सारवलेलं मोठं अंगण. सकाळी विहिरीवरची मोटर सुरू झाली की पाटात पाणी पडल्याचा आवाज यायचा आणि तो ऐकूनच आम्ही उठायचो. कारखान्याचा हंगाम लागला की रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या जायच्या, त्यांच्या बैलांची घुंगरं दिवसभर कानात असायची. पेरू पिकायला आले की पोपटांच्या झुंडी उतरायच्या, मग आमच्यापैकी कुणीतरी बागेत उभं राहून तेलाचा रिकामा डबा बडवायचं. आईला आम्ही बाई म्हणायचो. बाईच्या चुलीवर सकाळी बाजरीच्या भाकरी, थंडीत हुलग्याची शेंगोळी, आणि कोपऱ्यात कायम दह्याचं मडकं. त्या मडक्यात बोट घालून साय चाटायची ही माझी आणि धाकट्या दिलीपची चैन होती. घोडी आली आणि ती चैन संपली, कारण दूध आधी घोडीला जायला लागलं.

आप्पांनी घोडी का घेतली याचं उत्तर बेलापूरला होतं. तिथल्या त्यांच्या चुलतभावानं जीप घेतली होती. सोसायटीच्या मीटिंगला तो जीपमधून उतरायचा आणि आप्पा सायकलवरून. जीप आपल्याला झेपणार नाही हे आप्पांना कळत होतं, पण ते म्हणायचे, "जीपमधल्या मानसापेक्षा घोड्यावरचा मानूस उंच दिसतो." हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं की आम्हालाही ते पटलं. त्यांना घोड्यावर बसता येत नव्हतं, या गोष्टीचा उच्चार कुणीच केला नाही. बाईनं केला असेल तर तो चुलीपुढं, स्वतःशी.

ती टेम्पोतून आली. पांढरीशुभ्र, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली, कपाळावर राखाडी ठिपका. विकणाऱ्यानं सांगितलं होतं म्हणे, इनामदाराच्या घरची आहे, कधी ओझं पाहिलं नाही. तिचं नाव चांदणी. आप्पांनी तिला काहीतरी भारदस्त नाव ठेवलं होतं, ते त्यांच्याशिवाय कुणीच घेतलं नाही आणि ती स्वतःही त्या नावाला मान वळवत नव्हती. भिजवलेले हरभरे, गूळ, दूध, थंडीत मेथीचे दाणे. गोठ्यातल्या गायी तिच्याकडं बघत कडबा चावायच्या. तिचं सगळं करायचं काम माझ्याकडं आलं. मी नुकतीच बारावी झाले होते, कॉलेजचं नाव काढलं की आप्पा विषय बदलत होते, आणि मोकळी पोरगी घरात बसून काय करणार म्हणून खरारा माझ्या हातात दिला गेला.

ती कुठल्या घरची होती हे आम्हाला पोपटांमुळं कळलं. मी बागेत डबा बडवत होते आणि गोठ्याकडून टापांचा आवाज आला, एका लयीत. जाऊन पाहिलं तर चांदणी मान वाकवून, एकेक पाय उचलून जागच्या जागी नाचत होती. मी डबा थांबवला, ती थांबली. मी पुन्हा वाजवला, तिनं पुन्हा ठेका धरला. शेवटी मी चार जोराचे ठोके देऊन थांबले तशी तिनं पुढचे दोन्ही गुडघे जमिनीला टेकले, मान खाली घातली, आणि उठून माझ्याकडं बघत राहिली. ती कशाची वाट बघते आहे ते मला कळेना. बाई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. तिनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. पीठ कपाळावर लागलं. "अगं बया! ही वरातीची हाय. मांडवाच्या दारात मुजरा करत्यात तसला मुजरा केला तिनं. गूळ मागती बघ." मी गूळ आणून दिला. तिनं तो ओठांनी उचलला आणि मगच मान वळवली.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते माझ्यावर खेकसले. "तिच्या अंगात रग हाय, त्याला नाच म्हनत्यात व्हय? पुन्हा डबा वाजवला तर बघ." आणि खरोखर डबा बंद झाला. त्या हंगामात आमच्या बागेतले पेरू पोपटांनी खाल्ले. अर्धवट कुरतडलेल्या पेरूंचा सडा पडायचा, त्याला मुंग्या लागायच्या, आणि बाई टोपली घेऊन त्यातले बरे निवडायची. कुणी विचारलं तर औंदा रोग पडला म्हणून सांगायचं, असं आप्पांनी आम्हाला बजावलं होतं. घोडी वरातीची आहे हे लपवायला माझ्या बापानं बाग पोपटांना खाऊ घातली. हे मी आजही कुणाला सांगितलं की लोक हसतात. मला हसू येत नाही. त्या टोपलीवर वाकलेली बाई मला दिसते.

डबा बंद करता येतो, सगळ्या तालुक्याची वाजंत्री बंद करता येत नाही. बाजाराच्या दिवशी आप्पा घोडीवर बसून राहात्याला गेले. तिथं बँडवाल्यांच्या दुकानात त्यांची तालीम चालू होती. चांदणीनं कान टवकारले आणि भर रस्त्यात, भाजीवाल्यांच्या पाट्यांच्या मधोमध ती नाचायला लागली. आप्पा वर बसून लगाम ओढत होते. लगाम ओढला की तिला वाटायचं, अजून जोरात हवं आहे. माणसं जमली. हॉटेलच्या ओट्यावरून कुणीतरी ओरडलं, "नवरदेव, नवरी कुठं ठिवली?" त्या दिवसापासून आप्पांचं नाव नवरदेव पडलं. त्यांच्या तोंडावर कुणी म्हणत नसे, पण दिलीपला शाळेत मुलं विचारायची, "तुझ्या बापाचं लगीन कधी हाय?" तो रडत घरी यायचा. आप्पा त्या दिवशी बाजारातून पायी आले, घोडीला मागं ओढत. आल्या आल्या तिला कडुनिंबाला बांधलं आणि चाबकानं मारलं. ती दोराच्या टोकाशी गोल गोल फिरत राहिली. आम्ही तिघं दारात उभे. मारून झाल्यावर त्यांनी हातपाय धुतले, जेवले, शेंगोळीत मीठ कमी आहे म्हणाले.

दसऱ्याची गोष्ट फोटोतली. गावातून मिरवणूक निघते तीत आपण घोडीवर पुढं राहायचं असं आप्पांनी ठरवलं होतं. हलगीवाल्यांना त्यांनी आधीच बजावलं होतं, मी वेशीबाहेर जाईपर्यंत वाजवायचं नाही. फोटो निघाला. फोटो निघाला तसं हलगीवाल्यांना वाटलं, झालं. हलगी कडाडली. चांदणी नाचली, फार सुंदर नाचली, आणि हलगीचा शेवटचा ठोका पडल्यावर तिनं सरपंचांपुढं गुडघे टेकले. आप्पा तिच्या मानेवरून घसरत पुढं गेले आणि फेट्यासकट धुळीत पडले. सगळं गाव हसलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. चांदणी मान खाली घालून गुळाची वाट बघत उभी राहिली. त्या रात्रीही तिला मार बसला. हळद आणि तेल लावायला मीच गेले.

एवढं होऊनही घोडी विकायची नाही, कारण विकली तर लोक म्हणतील, हरला. आता ते तिच्यावर क्वचितच बसायचे, आणि बसले तर वस्तीच्या आसपास. ते सोसायटीत गेले की मी तिला मागच्या बागेत न्यायची. खोगीर घालायचं नाही, नुसत्या पाठीवर चढायचं. पहिल्यांदा पडले, दुसऱ्यांदा पडले, मग बसायला लागले. तिला लगामाची गरजच नव्हती. गुडघ्यानं जरा दाबलं की वळायची, आवाज हळू केला की थांबायची. पेरूच्या फांद्यांखालून वाकून जाताना तिच्या मानेचा घामट वास यायचा, आणि बांधावरून ती पळायला लागली की पोटात गार काहीतरी व्हायचं. तसं मला पुढं कधी कशानं झालं नाही, नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही नाही. बाईला सगळं माहीत होतं. ती अंगणाच्या कडेला शेणी थापत बसायची, नजर रस्त्यावर. तिथूनच ओरडायची, "शके, उतर. आले बघ." एकदा मी उतरत असताना ती जवळ आली, घोडीच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "वरून लांबचं दिसतं का गं?" मी म्हटलं, "दिसतं की. पार कॅनॉलपर्यंत." तिनं कॅनॉलच्या दिशेनं बघितलं. हात मात्र बराच वेळ तिथंच होता.

मला बघायला पाव्हणे येणार असं ठरलं ते त्या थंडीत. बेलापूरच्याच बाजूचे, जीपवाल्या चुलतभावाच्या ओळखीतले. मुलाला नोकरी होती, घर बागायतदार. आप्पांच्या अंगात उत्साह संचारला. अंगण सारवून घेतलं, शेजारच्या वस्तीवरून खुर्च्या आणल्या, सतरंजी टाकली. आणि पाव्हणे येऊन बसले की आपण उसाच्या वाटेनं घोडीवरून यायचं, जसं काही नुकतेच शेताची फेरी मारून आलो आहोत, असं त्यांनी ठरवलं. वाजवणारं जवळपास कुणी नव्हतं. शेजाऱ्यांना त्या दिवशी रेडिओसुद्धा लावू नका म्हणून आप्पा सांगून आले. बाई एवढंच म्हणाली, "पोरीला बघायला येत्यात का घोडीला?" आप्पा म्हणाले, "घर बघत्यात लोक. घरात काय हाय ते बघत्यात."

मला बाईची ठेवणीतली जांभळी साडी नेसवली होती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. पाव्हणे जीपमधून उतरले, खुर्च्यांवर बसले. मुलगा, त्याचे वडील आणि मामा. मामाच सगळ्यात मोठ्यानं बोलत होते. उसाच्या वाटेनं आप्पा आले, पांढऱ्या कपड्यांत, ताठ. खरं सांगायचं तर छान दिसत होते. क्षणभर मलासुद्धा वाटलं, आज जमतंय. त्यांनी अंगणात घोडी उभी केली, मान तुकवून राम राम केला. तेवढ्यात मामा ड्रायव्हरला ओरडले, "अरे, गाडी सावलीला घे की." ड्रायव्हरनं जीप मागं घ्यायला सुरुवात केली.

तेव्हा मागं घेताना गाणं वाजणारे हॉर्न नवीन निघाले होते. ज्यानं त्यानं हौसेनं गाडीला बसवून घेतले होते. त्या जीपला जे गाणं होतं ते प्रत्येक वरातीत वाजायचं. पहिले सूर निघाले आणि चांदणीनं मान वाकवली. बाई माझ्या मागं उभी होती, तिनं माझा खांदा धरला. ड्रायव्हरला कडुनिंबाखाली नीट बसत नव्हतं, तो थोडा पुढं घ्यायचा, पुन्हा मागं, आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून. घोडी सतरंजीवर चढली. खुर्च्यांच्या भोवती नाचत फिरली. पाण्याचे तांबे उलटले, मुलाच्या वडिलांनी पाय वर घेतले. आप्पा दोन्ही हातांनी तिची आयाळ धरून वर डोलत होते, टोपी उडाली, तोंडानं "हो, हो" चाललं होतं. शेवटी जीप बंद झाली. गाणं थांबलं. चांदणीनं नेमकं मुलाच्या खुर्चीपुढं जाऊन गुडघे टेकले आणि आप्पा तिच्या मानेवरून घसरून मुलाच्या बुटांवर पालथे पडले, हात पुढं, कपाळ जमिनीला.

मामा हसत सुटले. हसताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अवो पाव्हणं, लगीन ठरायच्या आदीच जावयाच्या पाया पडताय व्हय? आन आमी ऐकलं हुतं त्ये खरंच म्हनायचं की, नवरदेव!" मुलाचे वडील हसले. मुलगा खाली बघून हसला. त्याचा चेहरा मला आठवत नाही, बूट आठवतात, चकचकीत तपकिरी. माझा बाप त्या बुटांपाशी पडला होता आणि एकानंही हात दिला नाही. मला त्या माणसांचा असा संताप आला की त्यांच्या अंगावर उकळता चहा टाकावा. मुलीचा बाप तुमच्या पायाशी पडला आणि तुम्हाला ते बरोबर वाटलं. गंमत तर वाटलीच, पण बरोबरही वाटलं.

आप्पा उठले. त्यांनी कपडे झटकले नाहीत. पडवीच्या खांबाला खोगिराचा जुना पट्टा लटकत होता, लोखंडी बकलाचा, तो त्यांनी ओढून काढला. हसणाऱ्या माणसांकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते घोडीकडं गेले. ती तिथंच उभी होती, मान खाली, गुळाची वाट बघत. पळाली असती तर पळू शकली असती, बांधलेली नव्हती. पण मुजरा केल्यावर गूळ मिळेपर्यंत हलायचं नाही असं कुणीतरी तिला लहानपणी शिकवलं होतं. पट्टा तिच्या तोंडावर बसला. एकदा, आणि पुन्हा. बकल डोळ्यात गेलं. तिनं जो आवाज काढला तो घोड्याचा वाटलाच नाही मला.

मी बाहेर कशी आले ते आठवत नाही. पदर खाली लोळत होता. मी तिच्या मानेला धरून आडवी उभी राहिले तेव्हा आप्पांचा हात वर होता आणि तो थांबला नाही. बकलाचा दांडा माझ्या हाताला, कोपराच्या खाली, घुसून ओढला गेला. बाईच्या जांभळ्या साडीवर रक्त पडलं. मग हसणं थांबलं.

"शके, आत हो," आप्पा म्हणाले.

"न्हाई जानार. तिला गूळ द्या."

"आत हो म्हनतो ना!"

"तिला जे शिकवलं त्येच तिनं केलं. हसत्यात त्ये ह्ये लोक, आन मार तिला? यांना एक शब्द बोलला न्हाई तुमी. गूळ द्या तिला."

आप्पांच्या हातातला पट्टा खाली आला, पण सुटला नाही. मामांनी घसा खाकरला आणि हसू परत गोळा केलं. "काय राव, घोडी हातात न्हाई, पोरगी हातात न्हाई. आमी न्यायचं तरी काय हितून?"

तेव्हा बाई बाहेर आली. परक्या माणसांपुढं तिचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता. पोह्यांच्या बश्या पाव्हण्यांच्या हातात होत्या, आप्पा यायच्या आधीच दिलीपनं नेऊन दिल्या होत्या. बाईनं मामांच्या हातातली बशी काढून घेतली. घास तोंडापाशी होता त्यांच्या. मग मुलाच्या वडिलांची, मग मुलाची. एकावर एक ठेवल्या आणि म्हणाली, "उठा. बघून झालं."

आप्पा म्हणाले, "तू मधी पडू नको. आत जा."

"मी भाईरच हाय," बाई म्हणाली. "पाव्हण्यांना जीपपातुर सोडून या. आन डायवरला म्हनावं, गाडी सरळ फुडं काढ. मागं घिऊ नको."

ते गेले. आप्पा त्यांना सोडायला गेले नाहीत, उसाच्या वाटेनं चालते झाले. बाईनं माझ्या जखमेत हळद दाबली आणि मग आम्ही दोघींनी घोडीचा डोळा धुतला. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले, बॅटरी मारून बघितलं, मलम दिलं, आणि जाताना बाईला बाजूला घेऊन सांगितलं की डोळा गेला. हळूहळू त्यावर दुधासारखा पडदा आला. आप्पा गोठ्याकडं फिरकत नव्हते आणि बाईशी बोलत नव्हते. बाईला त्याचं काही वाटलं असेल तर तिनं दाखवलं नाही. एका सकाळी ती चांगलं लुगडं नेसून तयार झाली आणि म्हणाली, "शके, चल. कालेजात नाव घालायचं हाय." मधूनच घेतील की नाही हे आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं. आम्ही राहात्याला गेलो. बाई ऑफिसातल्या माणसापुढं उभी राहिली आणि पोरीला घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणाली. त्यांनी पुढच्या वर्षीचं पक्कं करून पाठवलं. येताना आम्ही भेळ खाल्ली. बाई कितीतरी दिवसांनी हसली.

वस्तीवर आलो तर गोठ्याची ती बाजू रिकामी होती. जमीन झाडून वर शेणाचा सडासुद्धा टाकून झाला होता. आप्पा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. "इकली," एवढंच म्हणाले. मी विचारलं, कुणाला? त्यांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. दिलीपनं नंतर सांगितलं, बेलापूरचा एक बँडवाला टेम्पो घेऊन आला होता. ज्या धंद्यातली घोडी म्हणून आप्पांना लाज वाटत होती, त्याच धंद्यात त्यांनी तिला परत पाठवलं, एक डोळा काढून घेऊन. आणि आम्ही दोघी घरात नसल्याची वेळ साधून. ही गोष्ट मी त्यांना कधीच माफ केलेली नाही. ते गेले, त्यांच्या पाया पडले, दशक्रियेला कावळा शिवेपर्यंत घाटावर उभी राहिले. माफ नाही केलं.

ती मला एकदाच दिसली. कॉलेजातल्या मैत्रिणीच्या लग्नाला बेलापूरला गेले होते. वरात मांडवाशी आली, घोडीच्या तोंडावर जरीचा मुखवटा होता आणि एका बाजूनं झालर मुद्दाम लांब सोडलेली. मी लगेच ओळखलं. ती नाचली, तिनं मुजरा केला. नवरदेव उतरला, फटाके वाजले, सगळे आत गेले आणि ती तशीच उभी. मी आचाऱ्यांकडून गुळाचा खडा मागून आणला आणि तिच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूनं गेले. तिनं हातावरून गूळ उचलला. मला ओळखलं की नाही, मला सांगता येत नाही. तिचा माणूस येऊन तिला घेऊन गेला.

पुढं मी नगरला नोकरीला लागले, लग्न केलं, मुलं मोठी झाली. आप्पा म्हातारे झाले तसे गोष्टीवेल्हाळ झाले. घोडीची गोष्ट ते आल्यागेल्याला सांगायचे. त्या गोष्टीत घोडी इनामदाराच्या घरची होती, फार तापट होती, आप्पांशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नव्हती. आणि शेवटी ती शकूला चावली म्हणून नाइलाजानं विकावी लागली. दरवर्षी कुणी ना कुणी नवीन माणूस ही गोष्ट ऐकायचा, आणि मी तिथं असले तर गोष्टीच्या शेवटी सगळे माझ्या हाताकडं बघायचे. दिलीपच्या मुलांना लहानपणापासून हेच माहीत होतं. घरातली खरी गोष्ट आप्पांनी अशी हळूहळू पुसून काढली आणि तिथं स्वतःचा फेटा ठेवला.

ओंकारचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडचे घर बघायला आले. आता तिथं स्लॅबचं घर आहे, हॉलमध्ये सोफा आहे. मुलगीही बरोबर आली होती, सरळ समोर बसून सगळ्यांशी बोलत होती. आप्पा शाल पांघरून खुर्चीत बसले होते, बाई खाली भिंतीला टेकून. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून तिच्याकडं कुणी फारसं बघत नसे. आप्पांनी गोष्ट सुरू केली. पाव्हणे कौतुकानं ऐकत होते. शेवटाकडं आले आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "लई कडक जनावर. माझ्या ह्या पोरीला चावली. शके, दाखव गं हात."

मी हात पुढं केला. म्हटलं, "हे चावल्याचं नाही. आप्पांनी मारलं. पट्ट्याचं बकल लागलं."

दिलीप म्हणाला, "ताई, चहा गार होतोय." आप्पा हसले. पाव्हण्यांना म्हणाले, "वय झालं हिचं बी. इसरती."

भिंतीशी बसलेली बाई म्हणाली, "खरं हाय तिचं. घोडीचा डोळा बी ह्यांनीच फोडला."

ओंकार एकदा आजीकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. मुलीनं कप खाली ठेवला. आप्पांचा चेहरा लाल झाला, ते खुर्चीचे हात धरून उठायला लागले, आत जायला.

"बसा," बाई म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "शके, पैल्यापासून सांग. तुमी बी ऐका."

आप्पा बसले. मी पाव्हण्यांसमोर सांगायला सुरुवात केली.